घड्याळजींनी बसवलेला पंप

घड्याळजींची जीभ सैल सुटली ती जेवणाच्या टेबलावर, आणि तीही नेमकी धाकट्या भावासमोर.

"यंदा ठमी टेकडीच्या माथ्यावर पोचली नाही ना," घास हातात तसाच धरून ते गरजले, "तर गाडी तुझी! खुशाल घेऊन जा!"

त्यांची बायको पाण्याचा जग घेऊन उभी होती, ती उभीच राहिली. तिला सगळं गाव सिस्टर म्हणायचं, कारण अर्धं गाव कधी ना कधी तिच्या वॉर्डात झोपून गेलं होतं.

"ठरलं!" भावजी म्हणाले आणि त्यांनी इतक्या घाईनं हात पुढे केला, की वाटावं, हा माणूस वर्षभर या एका वाक्याची वाट बघत होता. होताच.

ठमी म्हणजे गोल पाठीची, दोन दारांची, सायीच्या रंगाची जुनी गाडी. लग्नानंतर नवराबायकोनं मिळून घेतलेली, तीही दुसऱ्या कुणीतरी वापरून सोडलेली. घड्याळजींना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायची हौसही नव्हती, म्हणून सिस्टर शिकल्या. इस्पितळातल्या सगळ्या पाळ्या त्यांनी ठमीवरच केल्या. त्यामुळे घरात एक कायदा आपोआप लागू झाला. बॉनेटच्या आतलं सगळं घड्याळजींचं, स्टिअरिंगच्या मागचं सगळं सिस्टरचं, आणि एकानं दुसऱ्याच्या मुलखात नाक खुपसायचं नाही. या कायद्यावर संसार झकास चालला होता. पैज लावायचं कलम मात्र त्यात कुणाच्याच नावावर नव्हतं.

भावजींची पाठ वळताच सिस्टरनी दार लावून घेतलं.

"गाडी कुणाची हो?"

"आपली."

"मग पैज आपण दोघांनी लावली का?"

घड्याळजींनी चष्मा पुसायला घेतला. उत्तर नसलं की ते चष्मा पुसत. त्यांचा चष्मा कायम लख्ख असे.

"भावजी तिला लालभडक रंग देणार आहेत," सिस्टर म्हणाल्या. "त्यांच्या हॉटेलच्या दारात चौथऱ्यावर चढवून बॉनेटवर कुंड्या मांडणार आहेत. कुंड्या! मला त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय."

"पोचेल गं यंदा. मी काहीतरी करतोच."

हे 'काहीतरी' दरवर्षीचंच होतं. उन्हाळ्यात एका रविवारी जुन्या गाड्यांची हौशी मंडळी तुकड्यातुकड्यांनी गावामागची टेकडी चढायची. पहिला नंबर, दुसरा नंबर असलं काही नाही. आपल्या पायांनी माथ्यावर जायचं, चहा प्यायचा, फोटो काढायचा. ज्या गाडीला दोर लावून ओढावं लागलं ती नापास. आणि ठमी दरवर्षी न चुकता पाण्याच्या टाकीपाशी नापास व्हायची. तिचा पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटवलेला. मागच्या टाकीतलं पेट्रोल त्यानं पुढे ओढून आणायचं. चढावर इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंप बिचारा वाफ ओढत बसायचा, आणि ठमी दोनदा खोकून मान टाकायची. मग भावजी आपल्या लांबलचक गाडीतून दोर घेऊन उतरायचे. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू सिस्टरना वर्षभर पुरायचं.

दुसऱ्याच दिवशी भावजींकडून एक खोकं आलं. आत विजेवर चालणारा पेट्रोलपंप होता आणि वर निरोप, की पैज बरोबरीची व्हावी म्हणून पाठवतोय, कुठल्याशा मोडीत निघालेल्या नव्या गाडीतला आहे. घड्याळजी हुरळून गेले. जेवायचं भान राहिलं नाही. संध्याकाळच्या आत त्यांनी पंप बसवला, हात पुसले आणि ओरडले, "लाव किल्ली!"

सिस्टरनी किल्ली लावली. पंप किंचाळला. पुढच्या क्षणी कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोलचं कारंजं उडालं, घड्याळजी मागच्या मागे बादलीत बसले आणि सिस्टरनी किल्ली उपसून घेतली. इंजिन थंडगार होतं म्हणून निभावलं.

सुट्या भागांच्या दुकानदारानं ही हकीकत ऐकली आणि तो गल्ल्यावर डोकं टेकून हसला.

"काका, हा पंप पेट्रोल फवारणाऱ्या, इंजेक्शनच्या नव्या गाड्यांचा! याचा जोर तुमच्या गाडीला लागतो त्याच्या दसपट. कार्ब्युरेटरमध्ये एक एवढीशी वाटी असते. वाटी भरली की आतला फ्लोट वर येतो आणि एका सुईनं पेट्रोलची वाट बंद करतो. त्या सुईवर तुम्ही बंबाचा पाइप सोडलात!"

"म्हणजे सलाईन थेंबाथेंबानं द्यायचं, तिथं यांनी नळ सोडला," सिस्टर म्हणाल्या.

"अगदी बरोबर!"

मग त्यानं एक छोटा पंप काढला, कमी दाबाचा, कार्ब्युरेटरसाठीच केलेला. दाब आवरायला एक झडप, गाळणी, फ्यूज असं एकेक काउंटरवर मांडत गेला. "पंप मागे टाकीजवळ बसवा, टाकीपेक्षा खाली. हा ढकलण्यात पटाईत आहे, ओढण्यात नाही. ढकलत्या पेट्रोलची वाफही लवकर होत नाही. आणि हा सगळ्यात महत्त्वाचा." त्यानं सुपारीएवढा एक स्विच उचलून धरला. "हा इंजिनाच्या तेलाच्या दाबावर चालतो. इंजिन बंद पडलं, टक्कर झाली, काहीही झालं, की तेलाचा दाब जातो आणि पंप आपोआप थांबतो. हा नसेल तर इंजिन मेलेलं आणि पंप आपला तापलेल्या लोखंडावर पेट्रोल ओततोय. गाडीचा कोळसा होईल, आणि आत बसलेल्यांचाही."

"मग गाडी सुरू कशी करायची?" सिस्टरनी विचारलं. "तेव्हा कुठं असतो दाब?"

"तुम्ही किल्ली फिरवून धरता ना, तेवढ्यापुरती स्टार्टरच्या तारेतून पंपाला वीज मिळते. इंजिन धरलं की पुढचं तेलाचा दाब बघतो."

घड्याळजींच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे नुसती किल्ली लावली तर पंप वाजणार नाही?"

"नाही."

"मग तो जिवंत आहे हे कळायचं कसं?"

दुकानदारानं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी छताकडे पाहिलं. सगळा जन्म घड्याळं कानाशी धरण्यात गेलेला माणूस तो. जे टिकटिक करतं ते चालू, जे गप्प ते बंद, एवढंच त्याला ठाऊक. या नव्या पंपाचा आवाज नेमका टिकटिक असा होता, आणि तो आवाज इंजिनाच्या घरघरीत बुडून जायचा. घड्याळजींना त्याचा तेवढाच सहवास घडला, दुकानात बॅटरीला तार लावून दाखवली तेव्हाचा. प्रेमात पडायला तेवढा पुरला.

त्या आठवड्यात घरात नुसती धांदल होती. घड्याळजी गाडीखाली, सिस्टर गाडीबाहेर हातात पाने घेऊन, आणि शेजारी खिडकीत. सगळं दुकानदारानं सांगितलं तसं बसलं. ठमी किल्लीसरशी सुरू होऊ लागली, गावातल्या रस्त्यांवर अशी पळू लागली की सिस्टरना सकाळी उठल्याउठल्या फेरी मारायची सुरसुरी यायची. यंदा पोचणार! त्या भाजी चिरताना गुणगुणू लागल्या. आणि मध्येच कुंड्या डोळ्यांसमोर आल्या, की सुरी जरा जोरात चालायची.

रविवारी पायथ्याशी ही गर्दी! भोंगे, धूर, लाउडस्पीकर, कुणाचं बॉनेट उघडं, कुणाचं तोंड. भावजींची लांबलचक गाडी पुढेच उभी होती आणि मागच्या काचेतून दोराचं नवं कोरं वेटोळं सगळ्यांना दिसेल असं ठेवलेलं. घड्याळजी फोटोसाठी म्हणून इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. गाडीत बसून सिस्टरनी किल्ली लावताच त्यांनी मान मागच्या सीटकडे वळवली, डोळे मिटले, आणि त्यांच्या तोंडावर असं काही समाधान पसरलं की सिस्टरना गंमत वाटली. चढाईचा उत्साह असेल, असं त्या समजल्या.

निशाण पडलं. ठमी निघाली.

पहिला चढ तिनं हसतखेळत घेतला. ऊन रणरणत होतं, काटा तापमान दाखवत वर सरकत होता, आणि पाण्याची टाकी जवळ येऊ लागली तशी दोघांची तोंडं बंद झाली. सिस्टरनी गियर टाकला. टाकी डाव्या हाताला आली. इथंच ती खोकायची. इथंच! ठमीनं टाकीकडे ढुंकूनही न बघता वळण घेतलं.

"गेलो!" घड्याळजी सीटवर उडाले. "अगं गेलो! टाकी मागे पडली!"

"ओरडू नका हो, मला हसू येतंय!" सिस्टर म्हणाल्या, पण त्या स्वतःच ओरडत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी या वळणापलीकडचा रस्ता दोराच्या टोकाला बसून तेवढा पाहिला होता. स्वतःच्या हातांनी तो चढताना त्यांना एकदम तरुण वाटलं.

पुढे भावजींची गाडी होती. भावजींनी आरशात पाहिलं असावं, आणि आरशावर त्यांचा विश्वास बसला नसावा. कारण शेवटच्या, सगळ्यात खड्या चढावर, माथा दिसत असताना, खात्री करून घ्यायला त्यांनी ब्रेक मारला आणि खिडकीतून अख्खं डोकं बाहेर काढलं.

सिस्टरनी करकचून ब्रेक दाबला. ठमी वीतभर अंतरावर थांबली, आणि तिचं इंजिन बंद पडलं.

क्षणभर सगळं चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत सिस्टरना ऐकू आलं, मागून, अगदी स्पष्ट. टिकटिक, टिकटिक, टिकटिक.

इंजिन बंद. पंप चालू.

त्यांनी किल्ली काढली तेव्हा पेट्रोलचा वास आत शिरला होता. "उतरा! आधी उतरा!" घड्याळजींना जवळजवळ ढकलतच त्यांनी बाहेर काढलं, हँडब्रेक ओढला, सीटखालचं आग विझवायचं लाल सिलिंडर घेतलं आणि त्याही उतरल्या. पुढून भावजी येत होते. खांद्यावर दोर, ओठांत सिगरेट, चेहऱ्यावर ते हसू.

"काय वहिनी, माथा दिसला आणि..."

"भावजी, जागचे हलू नका!" वॉर्डात अख्ख्या मजल्याला ऐकू जायचा तो आवाज होता. "पेट्रोल सांडलंय! ती सिगरेट घेऊन मागे फिरा! मागे!"

भावजींचं हसू जे उतरलं ते उतरलंच. ते पाठमोरे अक्षरशः धावले, दूर खडकाशी जाऊन त्यांनी सिगरेट बुटाखाली चिरडली, आणि चिरडून झाल्यावरही चिरडत राहिले.

घड्याळजींनी बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटर न्हाऊन निघाला होता. गाडी चढावर तिरकी उभी, म्हणून आतला फ्लोट तिरका, सुई नीट बसलेली नाही, आणि किल्ली काढेपर्यंत पंप मागून ढकलतच राहिलेला. पेट्रोल लोखंडावरून ओघळून थेंबाथेंबानं खाली पडत होतं, आणि तिथून वीतभर पलीकडे सायलेन्सरचा तापलेला पाइप होता.

"स्विच काय झाला?" त्यांनी विचारलं. "बंद का नाही पडला पंप?"

घड्याळजींचा हात चष्म्याकडे गेला. "मी... सकाळी त्याच्या दोन टोकांना एक तार जोडली. म्हणजे स्विचला बगल दिली."

"का?"

"ऐकू येत नव्हता गं तो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पंप आतल्या आत मेला असेल तर? गाडी जाईल, माझ्यामुळे जाईल. म्हणून म्हटलं, नुसती किल्ली लावली तरी वाजू दे. वाजला की माझ्या जिवाला बरं वाटतं."

यावर सिस्टर काही बोलणार तोच निशाणवाला शिटी फुंकत आला. "काकू, खालची तुकडी सुटायची वेळ झालीय! रस्ता मोकळा करा. गाडी हलत नसेल तर दोर लावावाच लागेल."

दोर लागला की ठमी गेली. घड्याळजींनी सिस्टरचा हात धरला आणि कानाशी येऊन घाईघाईनं म्हणाले, "पुसून घेऊ आणि तशीच नेऊ. तार राहू दे. अगं, पंप तिच्यावर नक्की चालतो. स्विचनं दगा दिला आणि गाडी सुरू झाली नाही तर? माथा तर हा इथं आहे. वर जाऊन काढू."

माथा खरंच इथं होता. चहाचा तंबू दिसत होता, कप घेतलेली माणसं दिसत होती. सिस्टरच्या मनात आलं, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. खरंच आलं. ठमीचं स्टिअरिंग हातून जाणार होतं. मग त्यांनी खाली पडणाऱ्या थेंबाकडे पाहिलं.

"जळीत वॉर्डात मी किती वर्षं काढली, ठाऊक आहे ना तुम्हाला?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गाडी गेली तर मी रडेन. चार दिवस रडेन. तुम्ही गेलात तर काय करू मी?"

घड्याळजींनी हात सोडला. तार काढायला ते वाकले, पण घाईत भलत्याच तारा हाताला लागू लागल्या आणि टोक सापडेना. तेव्हा सिस्टरनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. बॉनेटखाली स्वतःचा हात घातला, चटका बसला तो सोसला, आणि तार उपटून दूर भिरकावली.

"आता सदरा काढा."

"काय?"

"पुसायला फडकं हवं. काढा!"

इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यानं सगळं पेट्रोल टिपलं आणि तो रस्त्यापलीकडे खड्ड्यात जाऊन पडला. सिस्टरनी लाल सिलिंडर परत आलेल्या भावजींच्या हातात दिलं. "ठिणगी दिसली की दाबायचं. दिसेल तिथं, विचार न करता."

"दोर..." निशाणवाला म्हणाला.

"वास जाईपर्यंत मी किल्लीला हात लावणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "तोवर खालची तुकडी आली तर लावा दोर."

आणि त्या रस्त्यात उभ्या राहिल्या. खालून इंजिनं गुरगुरत होती, लाउडस्पीकर तुकडीला पुकारत होता. घड्याळजी बनियनवर उभे राहून एकदा खाली, एकदा बॉनेटकडे बघत होते. निशाणवाल्यानं घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि दोराला हात घातला.

"ए, थांब रे जरा!" भावजी त्याच्यावर खेकसले. सिलिंडर त्यांनी छातीशी कवटाळलं होतं. "मला गाडी हवी होती, माझ्या दादा-वहिनीला भाजून नव्हती हवी. सांग खाली, रस्ता बंद आहे म्हणून!"

टेकडीवर वारा असतोच. तो आला. सिस्टरनी बॉनेटवर वाकून वास घेतला, खाली बसून घेतला, पुन्हा उठून घेतला. मग त्या गाडीत बसल्या. घड्याळजी त्यांच्या दाराशी येऊ लागले, तर त्यांनी हातानंच त्यांना लांब उभं केलं.

इंजिनात पेट्रोल जास्त झालेलं. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरायचा, म्हणजे हवा भरपूर जाते. त्यांनी पाय दाबला आणि किल्ली फिरवली. ठमी कण्हली. नुसतीच कण्हली. त्यांनी किल्ली सोडली, श्वास घेतला, पुन्हा फिरवली. एक उचकी. काहीच नाही. "चल गं बाई," त्या पुटपुटल्या, "त्या कुंड्या मी नाही बघू शकत." आणि पुन्हा किल्ली फिरवून धरली.

ठमीनं एकदा खाकरून काळाकुट्ट धूर सोडला आणि धडधडत उठली!

रस्त्यावर जो गलका झाला त्यात सगळ्यात मोठा आवाज भावजींचा होता. सिस्टरनी हँडब्रेक सोडला. ठमी दोन हात मागे सरकली आणि मग तिनं चढ धरला. भावजींच्या लांबलचक गाडीला वळसा घालून ती पुढे गेली. बनियनवरचे घड्याळजी तिच्यामागून पळत सुटले, त्यांच्यामागून सिलिंडर घेतलेले भावजी. माथ्यावरची माणसं कप ठेवून टाळ्या वाजवू लागली. सिस्टर एकट्याच ओरडत, हसत, डोळे पुसत वर पोचल्या आणि इंजिन बंद करून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसल्या.

भावजी धापा टाकत आले. "हरलो, वहिनी. गाडी तुमचीच."

"आपलीच! मी म्हटलं नव्हतं?" मागून घड्याळजी फुलून आले.

सिस्टरनी डोकं वर केलं. "नाही. तुम्ही ती देऊन टाकली होतीत, मला न विचारता. भावजींनी घेतलीही होती. तार जोडलीत तीही न विचारता. आता मी एकटीनं ती वर आणली आहे. ती माझी आहे."

फोटोवाला सगळ्यांना बोलावत होता. फोटो झाला, त्यात घड्याळजी बनियनवरच आले. चहा झाला. उतरायची वेळ झाली तेव्हा सिस्टर जाऊन ठमीत बसल्या. घड्याळजी नेहमीच्या बाजूला आले, दाराला हात घातला, आणि तो हात मागे घेतला.

"मी बसू का?" त्यांनी खिडकीतून विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

सिस्टरनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पाहायला वेळ घेतला. मग वाकून आतून दार उघडलं.